लोहाची भूक आणि रोगजंतूंची ओळख

टोमॅटोच्या पानांवर काळे ठिपके दिसू लागले, की आपण औषध आणावयास धावतो. चंडीगढजवळच्या एयरोसिटीत गच्चीवर चार कुंड्या जोपासणारे कुटुंब असो वा नारायणगावचा बागाईतदार, रोग बुरशीचा की जंतूचा हे पाहावयाचे राहूनच जाते. पुष्कळशी बुरशीनाशके जंतूंवर चालत नाहीत. पैसा मात्र खर्ची पडतो आणि पीकही हातचे जाते. म्हणून उपचारापूर्वी शत्रूची ओळख पटविणे अगत्याचे आहे. या कामी लोहाचे साहाय्य होते, हे वाचून आपणांस नवल वाटेल.

मातीत लोह विपुल असते. परंतु हवेच्या संपर्काने ते गंजासारखे, पाण्यात न विरघळणारे होऊन बसते. जंतूंना तर त्यावाचून वाढता येत नाही. तेव्हा ते लोहाला धरून आणणारी द्रव्ये बाहेर सोडतात. शास्त्रज्ञ त्यांना 'सिडेरोफोर', म्हणजे लोहवाहक, असे म्हणतात. स्यूडोमोनास कुळातील अनेक जंतूंचे हे द्रव्य पिवळट-हिरवे असते. त्याचे नाव पायोव्हर्डिन. किंग, वॉर्ड व रेनी यांनी १९५४ साली तयार केलेल्या पोषकद्रव्यात लोह अत्यल्प असते. त्यावर हे जंतू वाढवून अतिनील प्रकाश टाकला, की ते चमकू लागतात. लोह भरपूर दिल्यास द्रव्य तयार होणे थांबते आणि चमकही मावळते.

तथापि चमक दिसली म्हणजे शत्रू सापडला, असे समजू नये. टोमॅटोवर ठिपके पाडणारा स्यूडोमोनास सिरिंगी चमकतो, तसाच पिकांचे रक्षण करणारा स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सही चमकतो. सिरिंगीच्या पायोव्हर्डिनची घडण मात्र निराळी असते. जंतूंच्या ओळखीसाठी या भेदाचा उपयोग होऊ शकतो, असे बेल्जियममधील संशोधकांनी २००१ साली दाखविले. डाळिंबावरील 'तेल्या' रोगाचा झँथोमोनास जंतू पायोव्हर्डिन तयार करीत नाही. तेथे इतर चाचण्यांचा आधार घ्यावा लागतो.

अखेरच्या निर्णयासाठी खात्रीच्या नमुन्याशी तुलना करावी लागते. चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत १९८६ साली स्थापन झालेला सूक्ष्मजीवसंग्रह अशा कामी उपयोगी पडतो. आपण एवढेच करावे: रोगट पान कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे आणि मगच औषध विकत घ्यावे.