शिपायाच्या पाठीवरील भार

वेरूळचे कैलास लेणे पाहावयास गेलेला विद्यार्थी हत्तींची उंची विचारतो, मूर्तींची संख्या विचारतो. परंतु एवढे दगड वर चढविले कसे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळी, आठव्या शतकात, कारागिरांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदीत येऊन ते देवालय मोकळे केले. सुमारे दोन लक्ष टन दगड काढावा लागला असा अंदाज आहे. तथापि शिखराचा एकही चिरा कोणास खांद्यावर घेऊन वर न्यावा लागला नाही.

त्याच वाटेवर देवगिरीच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आहे. तीवर बादशहाचे नाव आहे, ओतणाऱ्याचेही आहे. ओढून वर नेणाऱ्यांचे नाही. आमच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपली विद्या ह्या अनामिकांच्या कामी लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिपायाचे कष्ट म्हटले की आपणांस गोळीबार आठवतो. परंतु त्याचा बराचसा दिवस उचलण्यात व वाहण्यात जातो. 155 मिलिमीटर तोफेचा एक गोळा 43 किलोंच्या आसपास भरतो. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली ह्या इंग्रज अभियंत्याने जो सुटा लोखंडी पूल योजिला, त्याची एक चौकट सुमारे 260 किलोंची असून ती सहा जवानांनी उचलावयाची असते. म्हणजे पुनः प्रत्येकाच्या वाट्यास तेवढेच 43 किलो! बेलीसाहेबांची थोरवी हीच की, यारी नसलेल्या ठिकाणी माणसांस पेलेल एवढाच तुकडा त्यांनी आखिला. 1986 साली स्वीडनशी करार करून घेतलेल्या बोफोर्स तोफेस गोळे उचलणारी यारीच जोडलेली होती. 1999 च्या कारगिल युद्धात ह्याच तोफा डोंगरात धडधडल्या.

नव्या कल्पनांचे मात्र जपून स्वागत करावे. 2004 साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात पायांस बांधावयाचा एक यांत्रिक सांगाडा तयार झाला. पाठीवरचे ओझे तो जमिनीवर उतरवितो, आणि सुमारे 32 किलोंची पिशवी जेमतेम दोन किलोंची वाटते. परंतु सांगाडाच 45 किलोंचा! त्याची शक्ती डोंगरावर मध्येच संपली तर बिचाऱ्या शिपायाने काय करावे? अशा वेळी कप्पी, तरफ व उतरती फळी ही जुनी मंडळीच अधिक भरवशाची ठरतात.

कोणी पालक म्हणतील की, प्रभूच्या शांतीचा उपदेश करणाऱ्या शाळेच्या अंकात लष्कराची उठाठेव कशास? शंका योग्य आहे, आणि शस्त्रे अधिक घातक कशी करावी हे आम्ही येथे लिहिणार नाही. परंतु कण्याची चकती सरकली म्हणजे ती गणवेश पाहून सरकत नाही. जी युक्ती जवानाच्या कामास येईल, तीच जाधववाडीच्या बाजारातील हमालाच्याही येईल. 1967 साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्यास 55 किलोंची मर्यादा सुचविली. ह्या कामी सैनिक व हमाल एकाच पंगतीचे.

संधी नाही, असेही म्हणता येणार नाही. पुण्यास 1854 पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते, आपल्या शहरी 1960 पासून शासकीय महाविद्यालय आहे. पुण्याजवळ दिघी येथे लष्करासाठी पूल व यंत्रे योजणारी सरकारी संस्था आहे. 2017 पासून भरणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन ह्या स्पर्धेत सरकारी खाती आपल्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे मांडतात.

आमची एकच सूचना आहे. रेखाटनाचा कागद पसरण्यापूर्वी त्या तरुणाने, प्रकृती धडधाकट असल्यास, वाळूने भरलेले 43 किलोंचे पोते जमिनीवरून उचलून छातीइतक्या उंच फळीवर ठेवावे, आणि लगेच दुसरे उचलावयास वाकावे.