कानोसा : चेंडू कुठे आहे, ते आधी सांगा!

हॉकीचे धावते वर्णन करणाऱ्यांत सर्वांत चांगला कोण आणि सर्वांत वाईट कोण, हा प्रश्न चार हॉकीवेड्यांत टाकून पाहावा. पहिल्या भागाचा निकाल दहा मिनिटांत लागतो. दुसऱ्या भागाला रात्र पुरत नाही! स्तुती करताना माणूस दोन वाक्यांत आटोपतो, तक्रारीला मात्र त्याला कंठ फुटतो. वाईटांची नावे आम्ही येथे छापणार नाही. सणासुदीचे दिवस आहेत. पण त्यांचे गुन्हे सांगायला हरकत नाही, कारण त्यांतूनच चांगल्याची ओळख पटते.

चांगल्यांत पहिले नाव निघते ते जसदेव सिंग यांचे. १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचे मेलव्हिल डिमेलो यांनी सुमारे सात तास केलेले इंग्रजी वर्णन त्यांनी कोवळ्या वयात ऐकले, आणि आपणही हेच करायचे, पण हिंदीत, असे मनाशी ठरवले. १९५५ साली ते जयपूर आकाशवाणीत आले आणि पुढे ऑलिंपिकपासून प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापर्यंत सगळीकडे त्यांचा आवाज पोचला. २००८ मध्ये पद्मभूषण मिळाले, २०१८ मध्ये ते गेले. आकाशवाणीवर हिंदी आणि इंग्रजी वर्णन आळीपाळीने चाले, त्यामुळे घराघरांत दोन तट पडत. वडील मंडळींना भारदस्त, तोलून मापून बोललेले इंग्रजी आवडे. घरातल्या बाकीच्यांना हिंदी, कारण त्यात चेंडूबरोबर आवाजही धावे. दोन्ही तटांचे म्हणणे मात्र एकच होते : आम्हाला मैदान दिसले पाहिजे.

हे दाखवणे सोपे नाही, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यावे. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये बोलायला सवड असते. गोलंदाज चालत परत जाईपर्यंत एखादी आठवणही सांगून होते. हॉकीत ती सोय नाही. चेंडू लेफ्ट आउटकडे आहे हे सांगेपर्यंत तो सेंटर फॉरवर्डच्या काठीवर गेलेला असतो. त्यात नावांचा घोळ! १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या भारतीय संघात एक नव्हे, तीन बलबीर सिंग होते. बलबीरने बलबीरला दिलेला चेंडू तिसऱ्या बलबीरने पुढे नेला, तर बिचाऱ्या वर्णनकाराने काय करावे?

तरीही काही गुन्हे माफ होत नाहीत. पहिला गुन्हा, चेंडू कुठे आहे हे न सांगणे. चढाई डीपर्यंत आली आहे आणि महाशय खेळाडूच्या गावाची माहिती देत आहेत! डी म्हणजे गोलपुढचा १६ यार्डांचा घेर. आक्रमकाची काठी त्या घेरात चेंडूला लागली नाही, तर मैदानी गोल होतच नाही. म्हणून ‘चेंडू डीत’ हे दोन शब्द ऐकताच श्रोत्याचा श्वास अडतो. ते दोन शब्द चुकवणाऱ्याला श्रोते विसरत नाहीत. दुसरा गुन्हा, मध्यरेषेवरच आरडाओरडा सुरू करणे. लांडगा आला रे आला असे सामनाभर ओरडत राहिल्यावर खऱ्या गोलाच्या वेळी आवाज उरतो कुठे? तिसरा, आपला संघ हरत असला की सगळा दोष पंचांचा.

या तिसऱ्या गुन्ह्यावर थोडे थांबू. १५ मार्च १९७५ चा क्वालालंपूरचा विश्वचषकाचा अंतिम सामना आठवावा. घरोघरी टीव्ही नव्हता. तो सामना कानांनीच पाहायचा होता. पाकिस्तानने आधी गोल केला, सुरजित सिंगने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली, आणि मग अशोककुमारचा, म्हणजे ध्यानचंदांच्या चिरंजीवांचा, तो फटका! चेंडू खांबाला लागून बाहेर आला, पंचांनी गोल दिला, पाकिस्तानी खेळाडूंनी तक्रार केली. निकाल २-१. जसदेव सिंग यांच्या आवाजातला तो सामना जुने श्रोते अजून सांगतात. अशा घटकेला ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि त्याचा हात वर्णनकाराच्या हातात असतो. त्याने आधी दिसले ते सांगावे : चेंडू कुठे लागला, पंचांनी काय खूण केली, कोण कुणाकडे धावले. आनंद त्यानंतर. आपल्याच बाजूचा गोल असताना हा क्रम पाळणे अवघड असते आणि खरी परीक्षा तीच असते.

हारीच्या दिवशी तर याहून अवघड. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे हरवले. साऱ्या देशाने त्याचे खापर गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्या माथी फोडले. नाही नाही ते आरोप त्या माणसाने वर्षानुवर्षे सोसले. १९९८ मध्ये भारताने बँकॉकला सुवर्णपदक जिंकले, तेव्हा गोलरक्षकांना शिकवायला हेच नेगी होते! सात गोल एकट्या गोलरक्षकामुळे होत नसतात. पुढचे सगळे वर चढलेले असतात, मागची फळी उघडी पडते, आणि मग गोलरक्षक एकटा सापडतो. हे ज्याला दिसते आणि जो त्याच वेळी सांगतो, तो चांगला. ज्याला फक्त चुकलेला माणूस दिसतो, तो कितीही गोड बोलो, वाईट. त्याच्या एका वाक्याने घरी बसलेल्यांना गुन्हेगार सापडतो आणि मैदानावरच्या पोराच्या आयुष्याची माती होते.

आता चित्र घरात आले आहे, तेव्हा चेंडू कुठे आहे हे सांगण्याची गरज काय, असे नव्या पिढीचे म्हणणे. त्यांनाही एक दाखला आहे. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत भारत १-३ असा मागे पडून जर्मनीवर ५-४ असा जिंकला. अगदी शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि श्रीजेशने तो अडवला. १९८० नंतरचे ते पहिले ऑलिंपिक पदक. तेव्हा हिंदी समालोचकांचा कंठ दाटून आला. काहींना ते आवडले नाही; समालोचकाने रडू नये, म्हणाले. आमचे मत वेगळे आहे. काम संपल्यावर आलेले अश्रू कुणाला बोचत नाहीत. काम चालू असताना केलेला तमाशा बोचतो.

एक खंत मात्र आहे. क्रिकेटला मराठीत बाळ ज. पंडित लाभले आणि स्वयंपाकघरातल्या बायामाणसांनाही खेळ उमगू लागला. हॉकीचे मोठे सामने आपण परक्या भाषांतूनच ऐकले. पुण्याच्या खडकीतून धनराज पिल्ले चार ऑलिंपिकपर्यंत गेला, मुंबईत आगाखान चषकाची परंपरा १८९६ पासूनची. तरी या खेळाचे बोलणे मराठी घरात रुजले नाही. ज्या खेळाविषयी आपल्या भाषेत भांडता येत नाही, तो खेळ हळूहळू पाहुण्यासारखा होतो, आदराने बसवायचा आणि लवकर निरोप द्यायचा.

तेव्हा वाचकहो, पुढच्या सामन्याला एक प्रयोग करा. पाच मिनिटे टीव्हीकडे पाठ करून बसा आणि फक्त ऐका. चेंडू दिसला, तर त्या समालोचकाला दुवा द्या. नाही दिसला, तर त्याला पत्र लिहा. आणि शक्य तर मराठीत लिहा.