ध्यानाला बसल्यावर मोबाईलला किती बोलू द्यायचं?

केज तालुक्यातल्या वाचकहो,

हल्ली आपल्याकडे ध्यानाला बसणारी माणसं घरोघर भेटतात. कुणाला डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर रोज थोडा वेळ शांत बसायला सांगितलेलं असतं. कुणी इगतपुरीला शिबिर करून आलेलं असतं. कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतं आणि पुस्तकात मन टिकावं म्हणून पहाटे डोळे मिटून बसतं. यातल्या बहुतेकांच्या शेजारी मोबाईल असतो आणि त्यात बासरी, ओंकार, पावसाचा आवाज किंवा ‘आता खांदे सैल सोडा’ असं सांगणारं कुणीतरी चालू असतं. मग शंका येते, की हे लावून बसणं खरं की काहीच न लावता बसणं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिकताना आवाजाची मदत जरूर घ्या, पण सराव हळूहळू शांततेकडे न्या. आणि आवाज लागलाच, तर तो शक्यतो स्वतःच्या तोंडचा असू द्या.

रेकॉर्डिंग लावणाऱ्याला कमी लेखायचं मुळीच कारण नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात साधक दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन पाळतात. एकमेकांशी बोलणं नाही, मोबाईल नाही, वाचन-लेखन नाही, जप नाही, संगीत तर नाहीच. एवढ्या कडक मौनाच्या ठिकाणीही शिकवण मिळते ती ध्वनिमुद्रित आवाजातूनच. ही विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोयंका 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि 2013 साली वारले. आजही शिबिरात सूचना त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. तेव्हा यंत्रातून आलेला आवाज ध्यानाला बाधतो, हे काही खरं नाही.

पण तिथे तो आवाज किती वेळ बोलतो, तेही पाहा. बैठकीच्या सुरुवातीला सूचना येते, मग तो गप्प होतो. साधक आणि त्याचा श्वास एवढंच उरतं. शेवटी पुन्हा थोडा आवाज येतो आणि बैठक संपते. संध्याकाळी प्रवचन असतं, ते समजून घेण्यासाठी. काम कसं करायचं ते आवाज सांगतो, काम मात्र साधकालाच करावं लागतं. आपल्या मोबाईलवर नेमकं उलटं होतं. वीस मिनिटांतली वीसही मिनिटं तो बोलतो किंवा वाजतो आणि आपण ऐकत राहतो.

आपल्याकडच्या जुन्या रिवाजातही हाच क्रम आहे. जपाचे तीन प्रकार सांगतात. मोठ्याने उच्चारून करायचा तो वाचिक, नुसते ओठ हलवून करायचा तो उपांशू आणि मनातल्या मनात चालतो तो मानस. तिन्हींत मानस श्रेष्ठ मानलेला आहे. म्हणजे सुरुवात आवाजाने करायची, पण मुक्काम तिथे करायचा नाही, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होतं.

गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात कधी रात्री दोन-अडीचला जाऊन बघा. कायद्याने रात्री दहाला भोंगा बंद झालेला असतो. कीर्तन ऐकून माणसं घरी गेलेली असतात, मंडपात दोन-चार जण घोंगडी ओढून झोपलेले असतात. पण वीणा खाली ठेवलेली नसते. ज्याचा पहारा असतो तो गळ्यात वीणा अडकवून उभा असतो, एक बोट तारेवर आणि तोंडात नाम. ऐकणारं कुणी नाही, वाहवा करणारं कुणी नाही. पुढचा पहारेकरी आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तारेचा आवाज असतोच, पण तो त्याने स्वतः काढलेला असतो. मन भटकलं तर बोट थांबतं आणि ते त्याचं त्यालाच कळतं. मोबाईलवरचा जप तसा नाही. तुमचं मन कारखान्याच्या बिलावर, पोरीच्या लग्नावर नाहीतर शेजाऱ्याच्या बांधावर गेलं, तरी तो आपला चालूच राहतो. देवघरातल्या प्लगला लावलेलं मंत्राचं छोटं यंत्रही दिवसभर जप करतं, पण घरातल्या किती जणांचं त्याकडे लक्ष असतं? घर प्रसन्न वाटावं म्हणून ते खुशाल लावा, पण आपलं ध्यान त्याने केलं असं समजू नका.

मोबाईलमध्ये आणखी एक खोड आहे. श्वास जरा संथ होतो न होतो तोच मध्येच जाहिरात सुरू होते, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप वाजतं. लावायचंच असेल तर रेकॉर्डिंग आधी उतरवून घ्या आणि मोबाईल विमान मोडवर टाका. अमुक हर्ट्झचं संगीत ऐकलं की चिंता पळते, तमुक हर्ट्झने आजार बरे होतात, अशा दाव्यांना भुलू नका. त्यांना भक्कम आधार नाही. ‘बायनॉरल बीट्स’ म्हणून जे विकलं जातं, त्यात दोन कानांत किंचित वेगळे सूर सोडतात आणि त्यांच्यातला फरक मेंदूला तालासारखा जाणवतो. त्याच्या उपयोगाबद्दल संशोधकांचं एकमत नाही. शिवाय एकाच कानात ईअरफोन घालून ऐकलं तर तो परिणाम होतच नाही. संगीत आवडतं म्हणून ऐकायला काहीच हरकत नाही, पण त्यासाठी पैसे मोजू नका आणि औषधं तर मुळीच बंद करू नका.

शांततेच्या बाजूने एक गमतीशीर पुरावा आहे. इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचानो बेर्नार्डी आणि त्यांचे सहकारी संगीताचा हृदयावर आणि श्वासावर काय परिणाम होतो हे तपासत होते. 2006 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 24 माणसांना वेगवेगळं संगीत ऐकवलं होतं आणि मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. हृदयाची गती आणि रक्तदाब सगळ्यात जास्त उतरला तो त्या मधल्या शांततेत. माणसं थोडी होती, तेव्हा यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण आवाज थांबल्यावर शरीर सैलावतं, हा अनुभव तुम्हालाही घेऊन पाहता येईल.

‘पण केजमध्ये शांतता आहे कुठे?’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर गाणी वाजवत जातात. मांजरसुंब्याकडून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न थांबत नाहीत. लग्नसराईत डीजे असतो. पण ध्यानासाठी गाव गप्प व्हायला हवं असं कुणी सांगितलं? आपण आवाज लावायचा नाही, इतकंच. हॉर्न वाजला तर वाजला, ऐकू आला, गेला, पुन्हा श्वासावर यायचं. बाहेरचा गलका झाकण्यासाठी कानात त्याहून मोठा आवाज घालणं हा उपाय कानालाच महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे. आवाज जसा वाढेल तसे हे तास झपाट्याने कमी होतात. कानात काही असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करा.

काही जणांनी मात्र शांततेचा हट्ट धरू नये. ज्यांच्या कानात सतत गुणगुण असते, त्यांना शांत खोलीत ती जास्त जाणवते. त्यांनी पंखा चालू ठेवावा किंवा मंद आवाज लावावा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, जुना आघात मनात असेल, किंवा डोळे मिटले की छाती धडधडत असेल, तर एकट्याने तासभर मौन बसू नये. अशांना सोबतीचा आवाज बरा. त्रास वाढतच असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे आणि 14416 हा ‘टेलिमानस’चा सरकारी फोन विनामूल्य आहे. तिथे बोलण्यात कमीपणा नाही.

बाकीच्यांनी विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरासारखं करावं. पाठीला डबा बांधूनच उडी मारायची, पण डबा जन्मभर बांधून ठेवायचा नाही.

त्यासाठी असं करा. पहिले दोन आठवडे वीस मिनिटांचं सूचनांचं एकच रेकॉर्डिंग रोज ऐका. रोज नवं शोधू नका, शोधण्यातच वेळ जातो. तिसऱ्या आठवड्यापासून पहिली पाच मिनिटं ऐकून ते बंद करा आणि उरलेला वेळ तसंच बसा. ते जमलं की रेकॉर्डिंग आठवड्यातून एकदाच ऐका, विसरलेलं आठवण्यासाठी. वेळ कळायला गजर पुरतो आणि मोबाईल नकोच असेल तर जपमाळ आहे. 108 मणी ओढून झाले की एक फेरा पुरा, त्यात कसलाही आवाज नाही. शांत बसून मन फार उधळलं तर चार-सहा वेळा नाम मोठ्याने घ्या, मग ओठांत आणि मग मनात. आवाजाशिवाय बसणं सुरुवातीला दहा मिनिटं जमलं तरी पुष्कळ. ‘आज मन लागलं नाही’ म्हणून उठू नका. मन गेलेलं कळलं आणि परत आणलं, एवढंच ध्यान.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. ‘मित्र’ उपक्रमात मुलांना आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात आणि शाळेत रोज दहा-दहा मिनिटांचा सराव करून घेणं अपेक्षित असतं. जिथे तो स्पीकर लावून चालतो, तिथे आठवड्यातून एक दिवस सूचना न लावता करून बघा. पोरं चुळबुळ करतील, एखादं हसेल, पण बसतील. सप्ताह कमिट्यांनीही दिवसाच्या कार्यक्रमात पाच मिनिटं माईक बंद ठेवून मंडपातल्या सगळ्यांना मनात नाम घ्यायला सांगावं. त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

आणि वाचकहो, तुम्ही उद्या पहाटे नेहमीचं रेकॉर्डिंग लावाच, पण पाच मिनिटांनी बंद करा आणि पुढची पाच मिनिटं उठू नका.