दाखल्यापुरते प्रशिक्षण

शाळेच्या वर्गापुढे उभे राहावयाचे तर अध्यापनाची पदविका वा पदवी संपादन करावी लागते. परंतु महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्यास नेट, सेट अथवा पीएच.डी. पुरेशी होते, आणि नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापन-अभिरुचीचे काही प्रश्न असले, तरी या उमेदवाराने कधी साठ विद्यार्थ्यांपुढे उभे राहून एखादी अवघड कल्पना उलगडून दाखविली आहे काय, याची विचारपूस त्या परीक्षेत होत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची तजवीज केली. तीच पुढे मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नावे पालटली, उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग संगणकाच्या पडद्यावर आले. परंतु या वर्गांचा दोर स्थाननिश्चितीच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फाईलीशी बांधलेला होता, तो तसाच राहिला.

यात प्राध्यापकांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पदोन्नतीसाठी दाखला मागितला जातो, म्हणून दाखला मिळविला जातो. त्या दाखल्यानंतर अध्यापनात काय बदल झाला, हे पाहण्यासाठी कोणी वर्गात येऊन बसत नाही. आणि जे कोणी पाहणार नाही, त्यासाठी पदरचा वेळ खर्चून नवी रीत आजमावणारे शिक्षक आहेत, ते केवळ आपल्या निष्ठेच्या बळावर.

डिजिटल साधनांच्या प्रशिक्षणात तर साधन आधी आणि अध्यापन मागाहून, असा उलटा क्रम विशेष जाणवतो. गुगल क्लासरूममध्ये खाते कसे उघडावे, मूडलवर प्रश्नसंच कसा चढवावा, हे अर्ध्या दिवसात शिकता येते. तो प्रश्न कोणता असावा, हे शिकण्यास काही वर्षे लागतात. हार्वर्डचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर यांना असे आढळले की, त्यांचे विद्यार्थी कठीण उदाहरणे बिनचूक सोडवीत, परंतु अवजड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली असता बल कोणावर अधिक पडते, एवढ्या साध्या प्रश्नापाशी अडखळत. तेव्हा १९९१ च्या सुमारास त्यांनी सलग व्याख्यान मोडून काढले: प्रश्न विचारावा, प्रत्येकाने आपले उत्तर निवडावे, मग शेजाऱ्याशी वाद घालावा आणि पुन्हा निवडावे. या पद्धतीला हात वर करणेही पुरते. उत्तरे तत्क्षणी मोजणारी यंत्रे त्यांच्या वर्गात आली ती गरज निर्माण झाल्यावर. आपल्याकडे मात्र यंत्राची खरेदी आधी मंजूर होते आणि त्याचे प्रयोजन मागाहून शोधले जाते.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रशिक्षण प्राध्यापकाच्या स्वतःच्या विषयावर आणि त्याच्याच वर्गात व्हावे. दोन आठवड्यांच्या व्याख्यानमालेऐवजी त्याने एका सत्रातील एकच घटक नव्या रीतीने शिकवावा, त्याच विषयाच्या सहकाऱ्याने तो वर्ग पाहावा, विद्यार्थ्यांच्या उत्तरांचे पुरावे दोघांनी मिळून तपासावेत आणि स्थाननिश्चितीस हाच वृत्तांत ग्राह्य धरावा. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या कोणत्या परिच्छेदापाशी थांबते, हे दूरच्या तज्ज्ञाला पडद्यावरून कळणार नाही. ते शेजारच्या खोलीत शिकविणाऱ्याला कळते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे धोरणे लिहिणारे सहसा पाहत नाहीत. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे अध्यापन आज तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या शिरावर आहे. त्यांना स्थाननिश्चिती नाही, आणि प्रशिक्षणास गेले तर तेवढ्या तासिकांचे मानधन बुडते. म्हणजे जे वर्गात अधिकाधिक उभे असतात, तेच या व्यवस्थेच्या कक्षेबाहेर राहतात. प्रशिक्षणाचा प्रत्येक तास ही अध्यापनाचीच तासिका समजून तिचे मानधन देण्याची तरतूद विद्यापीठांच्या अधिसभांनी येत्या अंदाजपत्रकात करावी, आणि शासनाने तिला विनाविलंब मंजुरी द्यावी.