ज्यूरी निवडत नसतात

ज्यूरी ‘इम्पॅनल’ करणं म्हणजे ज्यूरी निवडणं, असा निवाडा एका विद्वानांनी नुकताच देऊन टाकला. पुरावे तीन: शब्दकोश तसं म्हणतो, हॉस्पिटलं विमा कंपनीच्या पॅनलवर निवडूनच घेतली जातात, आणि १९०८ साली टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारने मर्जीतले ज्यूरर निवडले होतेच की!

शब्दकोश कुठला, हे गुलदस्त्यात. हॉस्पिटलचं नाव पॅनलवर लागलं की काम संपतं. ज्यूररचं तिथे नुसतं सुरू होतं.

टिळकांचं मात्र असं सोडून देववत नाही. तेव्हा १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. हायकोर्टात नऊ ज्यूरर लागत, बोलावलेल्यांतून नावं चिठ्ठीने निघत. निघालेल्या नावावर हरकत घेता येई. दोन्ही बाजूंना आठ-आठ हरकती तर कारण न सांगता. एवढ्यातून जे उरत ते शपथ घेऊन बसत. ‘हा माणूस मला हवा’ म्हणायची सोय ना सरकारी वकिलाला होती, ना आरोपीला. मग सात युरोपियन आणि दोन पारशी बसले कसे? सरकारने स्पेशल ज्यूरी मागितली, टिळकांच्या बाजूने बॅप्टिस्टांनी विरोध केला, तरी न्या. दावरांनी ती दिली. त्या यादीतच युरोपियनांचा भरणा. तीत हात घालून चिठ्ठी कितीही सचोटीने काढा! कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं काळं पाणी. टिळकांवरच्या १८९७च्या खटल्यातही युरोपियन सहा आणि कौल सहा विरुद्ध तीन. तेव्हा ‘निवडली’ म्हणून विद्वान सरकारला झोडपत नाहीत, सोडवतात. दोष कुणा कारस्थानी अधिकाऱ्याच्या माथी जातो आणि कायदा सोवळ्यात राहतो.



मग म्हणावं काय? ‘ज्यूरी बसवली’ म्हणावं. यादी, चिठ्ठी, हरकत, शपथ हे सगळं त्यात मावत नाही, पण निदान खोटं तरी बोललं जात नाही. विद्वानांना पटत नसेल तर मुंबईतल्या पारशी विवाह न्यायालयात चौकशी करावी. तिथे न्यायाधीशांबरोबर आजही ज्यूरीसारखे पाच डेलिगेट बसतात, तेही नेमलेल्यांतून पाळीपाळीने. पक्षकाराला त्यांतला एखादा नाकारता येतो, मागून घेता येत नाही.