जुनी लस बरी की नवी?



गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एका तरुण मातेने आम्हांस विचारले, "भाऊ, बाळाला पोलिओचे थेंब नकोत, नुसते इंजेक्शनच दिले तर? ते मेलेल्या विषाणूचे, जुन्या पद्धतीचे. बिनधोक असते म्हणतात."

प्रश्न ऐकून आम्हांस २०२१ साल आठवले. करोनाची कोव्हॅक्सिन ही विषाणू निष्क्रिय करून केलेली, जुन्या पद्धतीची लस. कोव्हिशील्ड नव्या पद्धतीची. आमच्या चाळीतील एक मावशी कोव्हॅक्सिनसाठी थांबल्या. केंद्रावर कोव्हिशील्ड होती. लस मिळण्याआधीच करोनाने त्यांना नेले. त्यांना "थांबा" म्हणणारे आम्हीच होतो. ही सल अजून जात नाही.

भीती अगदीच खोटी नव्हती. कोव्हिशील्डमुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या झाल्या. परंतु जुनी पद्धत तरी निर्दोष कुठे? १९५५ साली अमेरिकेत पोलिओच्या इंजेक्शनातील काही साठ्यांत विषाणू नीट मेलाच नव्हता. कित्येक मुले पांगळी झाली. त्यानंतर तपासणी कडक झाली, म्हणून आजचे इंजेक्शन सुरक्षित आहे.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या. मग लसही जुनी म्हणून का मानावी, आणि नवी म्हणून का नाकारावी?

आता त्या मातेचे उत्तर. थेंबांत जिवंत पण दुर्बळ केलेला विषाणू असतो. तो आतड्यातच रोगाला अडवतो, म्हणून वस्तीत फैलाव थांबतो. मात्र फार क्वचित त्याच विषाणूपासून पांगळेपणा येऊ शकतो. इंजेक्शनाने तो धोका नाही, पण आतड्यातील संरक्षण कमी मिळते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. म्हणून २०१५ पासून आपल्या देशात दोन्ही देतात. थेंब जन्मतः आणि ६, १०, १४ आठवड्यांनी. इंजेक्शन ६ व १४ आठवड्यांनी आणि ९ महिने पूर्ण झाल्यावर. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत.

देशात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. हे यश मुख्यत्वे त्या दोन थेंबांचे आहे.

तेव्हा मातांनो, शंका जरूर विचारा, पण तारीख चुकवू नका. आज घरी गेल्यावर बाळाचे लसीकरण कार्ड काढून पाहा.

जयभीम!