मुलाने न सांगितलेली वेदना

पर्युषण पर्वात घराघरांतील किशोरवयीन मुलेही उत्साहाने उपवास करतात. अशा दिवसांत एखादा मुलगा पहाटे पोट धरून उठला, त्याला उलटी झाली, तर वडीलधारी मंडळी सहजच म्हणतात, "पित्त झाले असेल, पारणे झाले की बरे वाटेल." पुष्कळदा ते खरेही असते. मात्र दुखणे पोटातच आहे की खाली अंडकोशात, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मुलगा लाजेने आपणहून सांगत नाही.

हा प्रश्न वडिलांनी स्पष्ट शब्दांत विचारावा, कारण १२ ते १८ या वयात वृषणाला पीळ पडण्याचा विकार प्रामुख्याने आढळतो. वृषण ज्या दोरीसारख्या भागाला टांगलेले असते, त्यातूनच त्याच्या रक्तवाहिन्या जातात. ती दोरी स्वतःभोवती फिरली की रक्तपुरवठा तुटतो. वेदना एकाएकी, एका बाजूस, कित्येकदा झोपेतच सुरू होते आणि कळ ओटीपोटात चढते. सुमारे ६ तासांच्या आत पीळ उलगडला तर वृषण बहुतेक वेळा वाचते. २४ तास उलटल्यावर क्वचितच. शस्त्रक्रियेत दुसऱ्या बाजूचे वृषणही टाके घालून स्थिर करतात, कारण जन्मजात सैलपणा बहुधा दोन्हीकडे असतो.

येथे उपवास मोडण्याची धास्ती बाळगू नये. पच्चक्खाणातच गंभीर व्याधीसाठी आगार ठेवलेला आहे. शिवाय रिकामे पोट भूल देण्यास सोयीचेच. मेडिक्लेमच्या मंजुरीसाठीही खोळंबू नये. तातडीच्या भरतीची सूचना विमा कंपनीला नंतर देता येते. नोकरीत आयुष्यभर कागद आधी आणि काम मागून, अशीच शिस्त पाळली. पण ही शिस्त येथे उपयोगाची नाही.

तथापि प्रत्येक वेळी पीळच असतो असे नाही. लहान मुलांत, विशेषतः ३ ते १० या वयात, एक विरळा विकार हुबेहूब असेच सोंग घेतो. त्याचे जुने नाव हेनॉख-शोनलाइन पुरपुरा. हे दोघे जर्मन वैद्य परस्परांचे गुरु-शिष्य होते. आता त्याला आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. सर्दी किंवा घशाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सूक्ष्म रक्तवाहिन्यांना दाह उत्पन्न करते. पायांवर व नितंबांवर जांभळट ठिपके उठतात. काचेच्या पेल्याने दाबले तरी ते फिके होत नाहीत. गुडघे, घोटे सुजतात, पोटात कळा येतात, आणि काही मुलग्यांत अंडकोश सुजून लाल होतो व दुखतो.

अडचण अशी की कधीकधी सूज आधी येते आणि ठिपके मागाहून. म्हणून डॉक्टर मुलाचे सर्व कपडे उतरवून पाय व पाठ तपासतात, तेव्हा पालकांनी संकोच करू नये. डॉप्लर सोनोग्राफीत पीळ असल्यास वृषणातील रक्तप्रवाह थांबलेला किंवा मंदावलेला दिसतो. या विकारात तो शाबूत, कधी वाढलेलाही असतो. तेवढ्यावर शस्त्रक्रिया टळू शकते. क्वचित दोन्ही गोष्टी एकत्र असतात. संशय फिटला नाही, तर सर्जन उघडून पाहतात. तो निर्णय अतिरेकी समजू नये, कारण व्यर्थ ठरलेला छेद भरून येतो, गेलेले वृषण परत येत नाही.

विकार निश्चित झाल्यावर उपचार साधे असतात : विश्रांती, वेदनाशामक औषध, आणि सूज किंवा पोटदुखी तीव्र असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइड. बहुसंख्य मुले काही आठवड्यांत बरी होतात. खरी काळजी मूत्रपिंडांची. त्यांना झालेला दाह बाहेरून जाणवत नाही; म्हणून ठिपके मावळून मूल शाळेत जाऊ लागले तरी निदान ६ महिने ठरावीक अंतराने लघवीतील रक्त व प्रथिने आणि रक्तदाब तपासून घ्यावा.